दृश्यांची साखळी

मुलांनो, बँकेत, दुकानात, रेल्वे स्थानकावर भिंतीला लावलेले कॅमेरे तुम्ही पाहिले असतील. असा कॅमेरा कधी डोळा मिटत नाही. परंतु जे दिसते त्याचा अर्थ त्याला कळत नाही. सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने तो एका तासात ९०,००० आणि एका दिवसात २१,६०,००० चित्रे पाठवतो. एवढी चित्रे कोणता पहारेकरी पाहील? म्हणून ती पाहण्याचे व निवडण्याचे काम संगणकावर सोपवतात. चित्रे एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जातात. टप्प्यांच्या या साखळीला 'पाइपलाइन' म्हणतात. उर्दूतील 'सिलसिला' हा शब्द मनात धरला, तर अर्थ लवकर ध्यानात येईल.

अशी साखळी नुसती लिहूनही तयार करता येते. १९९९ साली सुरू झालेले 'जीस्ट्रीमर' हे त्यासाठीचे एक मोफत साधन आहे. त्यात टप्प्यांची नावे एका ओळीत लिहितात आणि दोन नावांमध्ये उद्गारचिन्ह देतात. व्याकरणात उद्गारचिन्ह आश्चर्य दाखवते, येथे मात्र ते दोन नळ जोडण्याचे काम करते! साखळी लांबली, तिला फाटे फुटले, की ही ओळ वाचणे अवघड होते.

मायक्रोसॉफ्टने २०१५ साली 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' हा कोड एडिटर काढला. कोड एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची जणू वहीच. या वहीला नवी कामे शिकवणारी जोड लावता येते. त्या जोडीला 'एक्स्टेंशन' म्हणतात. २०२१ साली याच कंपनीने 'अझूर व्हिडिओ अॅनालायझर' नावाची सेवा लोकांना वापरून पाहण्यासाठी दिली. तिच्या एक्स्टेंशनमध्ये साखळी चित्रासारखी मांडता येत असे. टप्प्यांच्या चौकोनी पेट्या माउसने ओढून आणायच्या आणि रेषांनी जोडायच्या. जोडणी चुकली, तर एडिटर चूक दाखवून देई.

समजा, एका गोदामाच्या दरवाजावर कॅमेरा आहे. दिवसभर तेथे विशेष काही घडत नाही. ट्रक आला, माणूस आला, तेवढेच चित्रण जपून ठेवायचे आहे. मग पहिली पेटी ठेवायची ती कॅमेऱ्याकडून चित्रे घेणारी. दुसरी हालचाल ओळखणारी. तिसरी पेटी फाटकाची आणि शेवटची चित्रण साठवणारी. आता नीट लक्ष द्या. फाटकाकडे दोन वाटा येतात. एका वाटेने कॅमेऱ्याची चित्रे येतात. दुसऱ्या वाटेने हालचाल झाल्याची खबर येते. खबर आली, की फाटक उघडते व चित्रे पुढे जातात. खबर नसेल, तर चित्रे तेथेच अडतात.

खरी कसोटी या फाटकापाशीच लागते. हालचाल ओळखणाऱ्या पेटीची नजर कमी, मध्यम किंवा तीक्ष्ण ठेवता येते. फार तीक्ष्ण ठेवली, तर झाडाची फांदी हलली तरी फाटक उघडते आणि साठा निरुपयोगी चित्रांनी भरतो. फार मंद ठेवली, तर भिंतीच्या कडेने हळूच गेलेला माणूस सुटतो. वेळेचेही तसेच आहे. हालचाल कळल्यावरच चित्रण ठेवू लागलो, तर ट्रक कोणत्या बाजूने वळला हे हाती लागत नाही. म्हणून फाटकाला 'उणे ५ सेकंद' अशी सूचना देता येई. तसे केले, की खबर येण्याच्या आधीची पाच सेकंदेही जतन होत. चोरी झाल्यावर मालक जेव्हा चित्रण मागतो, तेव्हा या पाच सेकंदांची किंमत कळते. आणि शेजाऱ्याचा दरवाजा कॅमेऱ्यात येतो का, हे कोणतीही पेटी सांगत नाही. ते कॅमेरा लावणाऱ्यानेच पाहायचे असते.

साखळीचा आराखडा एकदाच करत. दरवाजे दहा असले, तर त्याच आराखड्यातून दहा साखळ्या निघत. प्रत्येकीला आपापल्या कॅमेऱ्याचा पत्ता, नाव व पासवर्ड वेगळा द्यायचा. पासवर्ड आराखड्यात लिहायचा नाही, हे शहाणपणाचे होते. आराखडा अनेकांच्या हाती जातो, किल्ली सर्वांच्या हाती देत नाहीत. शेवटी साखळी 'सुरू' केली, की चित्रे वाहू लागत.

ही सेवा २०२२ च्या अखेरीस कंपनीने बंद केली. ज्यांची कामे तिच्यावर उभी होती, त्यांना ती दुसरीकडे न्यावी लागली. ज्यांना फक्त कोठे क्लिक करायचे एवढेच ठाऊक होते, त्यांच्या हाती काय उरणार? ज्यांना फाटकाच्या दोन वाटा समजल्या होत्या, ते तीच साखळी इतरत्र मांडू शकतात. एनव्हिडिया कंपनीचे 'डीपस्ट्रीम' हे साधन जीस्ट्रीमरवरच उभारलेले आहे. तेथेही चित्रे एका टोकाने येतात, मधल्या टप्प्यांतून जातात आणि दुसऱ्या टोकाला पोहोचतात.

स्वाध्याय

१. फाटकाकडे येणाऱ्या दोन वाटा कोणत्या?
२. 'उणे ५ सेकंद' ही सूचना का देत असत?
३. सेकंदाला १५ चित्रे पाठवणारा कॅमेरा एका तासात किती चित्रे पाठवेल?
४. तुमच्या शाळेच्या दरवाजासाठी साखळी काढा. हालचाल ओळखणाऱ्या पेटीची नजर किती तीक्ष्ण ठेवाल, ते कारणासह लिहा.