आमटीत मीठ कमी होतं

अरे, परवा तू पोरावर ओरडलास तेव्हा मी गप्प बसलो. मला बोलायला तोंड नाही. बारा वर्षांपूर्वी याच घरात मी आमटीची वाटी भिंतीवर मारली होती. का, तर मीठ कमी. तो हळदीचा डाग दोन दिवाळ्या रंगाखालून डोकं वर काढायचा. काकू म्हणाली, "असे नव्हता हो तुम्ही." मला वाटलं, वय झालं.

वय कसलं! घोरता घोरता माझा श्वास अडायचा. झोपेत घशाची वाट मिटते, दहा-वीस सेकंद हवाच आत जात नाही, मग मेंदू दचकवून उठवतो. आपल्याला पत्ताही नसतो. झोपेच्या तपासणीत माझा श्वास अडण्याचा आकडा तासाला 42 निघाला. तो 5 च्या आत हवा, 30 च्या वर गेला की गंभीर. आठ तास अंथरुणात, आणि सकाळी डोकं दगडासारखं. संध्याकाळी बातम्या बघता बघता उगाच डोळे भरून यायचे. ते कुणाला सांगणार? मग ओरडायचं.

म्हणून सांगतो, घोरतोस का हे स्वतःला विचारू नकोस, सूनबाईला विचार. तिला मोबाइलवर रेकॉर्ड करू दे. घोरणं एकदम थांबलं, शांत झालं आणि मग गुदमरल्यासारखा झटका आला, असं ऐकू आलं तर तेच डॉक्टरांना ऐकव. मी नुसतं "झोप नाही, मन लागत नाही" म्हणालो, तर झोपेची गोळी हातात पडली. अशा काही गोळ्यांनी घसा आणखी ढिला पडतो. दारूनंही पडतो. "एक घेतला की छान झोप लागते" हे मला शिकवू नकोस, मी तीस वर्षं ट्रक चालवलाय.

तपासणी होईपर्यंत कुशीवर झोप. काकूनं माझ्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला होता. उताणा झालो की टोचायचा. हसू नकोस, चालतं ते.

रात्री दहानंतर पैसा, पोराचे मार्क, भावकीची जमीन, काही काढायचं नाही. सकाळी उठल्यावर घरात सांगून टाकायचं, "आज रात्र वाईट गेली." माणसं सांभाळून घेतात. आणि डोळे जड झाले की गाडी बाजूला. खंबाटकी घाटात मी कठड्याला घासून वाचलोय. चहानं डुलकी लांबणीवर पडते, जात नाही.

झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन लागलं तर पंधरा दिवस शिव्या घालशील, मीही घातल्या. तिसऱ्या आठवड्यात काकू म्हणाली, "आज दाढी करताना शीळ वाजवत होतात." राग असा उतरला. उदासी मात्र पुरती गेली नाही. ती वेगळी दाखवावी लागली, मनाच्या डॉक्टरांना. लाज वाटली खरी. बीपीची गोळी घेताना कुठे वाटते?

मशीनमध्ये नळाचं पाणी भरू नकोस, क्षार धरतात, डिस्टिल्ड आण. मशीन इन्व्हर्टरवर जोड, आपल्याकडची वीज तुला माहीत आहे. चेहऱ्याला तेल-क्रीम लावून मास्क चढवू नकोस, सटकतो. पहिल्या रात्री मला बोलाव. नवे लोक पट्टा फार आवळतात, नाकावर वळ उठतो.