पंपाची मोटार हळुवार सुरू करणे

महाबळेश्वर तालुक्यात पावसाळा ओसरताच स्ट्रॉबेरीची लागवड सुरू होते. या पिकाची मुळे उथळ असल्याने त्यास ठिबकने थोडे परंतु नियमित पाणी द्यावे लागते. ऐन हंगामात मोटार जळाल्यास ती भरून येईपर्यंत पिकास ताण बसतो व फळ बारीक राहते. अशा मोटारी पुष्कळदा सुरू होतानाच बिघडतात.

५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारे ७.५ अँपिअर प्रवाह घेते. एकदम पूर्ण दाब दिल्यास मात्र, वेग येईपर्यंत, ती सुमारे सहापट म्हणजे ४५ अँपिअर ओढते. एकट्या मोटारीने फारसे बिघडत नाही. परंतु ६३ केव्हीएच्या रोहित्राची क्षमता सुमारे ८४ अँपिअर असते. अशा दहा मोटारींचा ७५ अँपिअरचा भार ते वाहू शकते. पण गेलेली वीज परत आली आणि सर्वांनी ऑटो स्विच बसविलेले असले, तर दहाही मोटारी एकाच क्षणी उठतात व मागणी ४५० अँपिअरवर जाते. मग फ्यूज उडतो, किंवा दाब इतका उतरतो की मोटारी नुसत्या घुमत राहून तापतात. दाब ८० टक्के राहिला तर फिरविण्याचा जोर ६४ टक्केच उरतो. ऑटो स्विचची सोय शेतकऱ्यास प्रिय आहे खरी, पण ती शेजाऱ्यासही महाग पडते. तो काढावा, निदान प्रत्येकाने निराळा विलंब ठेवावा.

स्टार-डेल्टा स्टार्टरने आरंभीचा प्रवाह तिसऱ्या हिश्श्यावर येतो. जोरही तितकाच घटतो. त्यासाठी मोटारीची सहाही टोके बाहेर काढलेली असावी लागतात. सॉफ्ट स्टार्टर दाब काही सेकंदांत क्रमाने वाढवितो. डोंगरउतारावर याचा आणखी एक लाभ आहे. ओढ्यातून वर चढविलेल्या लांब पाइपातील पाणी मोटार एकदम थांबताच उलटून आदळते व सांधे निखळतात. सॉफ्ट स्टार्टर मोटार सावकाश थांबवूही शकतो.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी पंप पाण्याने भरून, वरचा व्हॉल्व्ह बहुतांशी बंद ठेवून मोटार सुरू करावी व वेग येताच तो हळूहळू उघडावा. व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप फार वेळ चालवू नये. सॉफ्ट स्टार्टर बसविल्यास कपॅसिटर त्याच्या व मोटारीच्या मध्ये कधीही जोडू नये. स्टार्टर निकामी होतो.