तलवारीवरचा आकडा काय सांगतो?

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून ब्रह्मदेशात लढले. त्यांनी आणलेल्या जपानी तलवारीच्या पात्यावर इंग्रजी आकड्यांत क्रमांक आहे. ती सामुराईची असेल का? कारागिराचं नाव कसं कळेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पात्यावर ठोकलेला क्रमांक ही कारागिराची सही नव्हे. १९३५ साली जपानी लष्कराने बिनसनदी हुद्देदारांसाठी (एनसीओ) यंत्रावर बनवलेली तलवार मंजूर केली. तिच्यावर असा अनुक्रमांक असतो.

आता मूठ नीट पाहा. दोरीची वीण धातूतच ओतलेली असेल आणि मूठ स्क्रूने बसवली असेल, तर तलवार कारखान्यातली. तिच्यावर कारागिराचं नाव मिळणार नाही. मुठीजवळच्या धातूच्या कड्यावर शस्त्रागाराचे बारीक शिक्के तेवढे सापडतील.

अधिकाऱ्याच्या तलवारीची गोष्ट वेगळी. तिची मूठ बहुधा बांबूच्या खुंटीवर बसते आणि सही असलीच, तर मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या भागावर असते. युद्धकाळातल्या पात्यांवर तिथेच ‘शोवा’ किंवा ‘सेकी’ असे शिक्केही आढळतात. कधी जुनं घराण्यातलं पातंही लष्करी मुठीत बसवलेलं असे. मात्र नुसत्या सहीवर विसंबू नये. खोट्या सह्याही पुष्कळ आहेत.

मूठ घरी ठोकून काढू नका. आतला गंज तर मुळीच घासू नका, वयाचा अंदाज त्यावरूनही बांधतात. मूठ जाणकाराकडून उतरवून घ्या, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा आणि ते जपानी शस्त्रांच्या अभ्यासकाला दाखवा. पातं ९ इंचांहून लांब असल्याने परवान्याची चौकशी जवळच्या पोलीस ठाण्यात आधी करा.