कुंडीत व बागेत ताम्हणाची लागवड

वैशाखाच्या कडक उन्हात बहुतेक झाडे मलूल दिसत असता जांभळ्या फुलांच्या उभ्या तुऱ्यांनी भरून जाणारे झाड म्हणजे ताम्हण होय. ह्यास तामण किंवा जारूळ असेही म्हणतात. शास्त्रीय भाषेत ह्याचे नाव लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा असे आहे. महाराष्ट्राचे राज्यफूल म्हणून ताम्हणाच्या फुलास मान मिळाला आहे. मेंदी, धायटी व डाळिंब ह्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या वनस्पती ताम्हणाच्याच कुळातील असून रानातील नाणा व बोंडारा ही त्याची जवळची भावंडे आहेत.

शाळेचे आवार, ग्रामपंचायतीचे पटांगण, विहिरीचा काठ किंवा घरापुढील मोकळी जागा ह्यांस शोभा आणण्यास हे झाड फार उपयुक्त आहे. फुलांचा बहर एप्रिल ते जून ह्या काळात येतो. हिवाळ्याच्या अखेरीस गळण्यापूर्वी पाने तांबूस होतात, तीही शोभाच असते. लाकूड टिकाऊ असून होड्या बांधण्याच्या कामी येते.

रोपे का मरतात?

१९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी ह्यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्यात गावोगाव रोपे लावली जातात. परंतु त्यांतील अनेक रोपे पुढील उन्हाळा पाहत नाहीत. पाण्याची टंचाई व मोकाट गुरे ही कारणे सर्वांस ठाऊक आहेत. तिसरे कारण मातीखाली दडलेले असल्यामुळे सहसा लक्षात येत नाही. ते म्हणजे कुंडीत किंवा पिशवीत गुंडाळलेली मुळे.

रोपाचे मूळ वाढता वाढता पिशवीच्या कडेस पोहोचले की पुढे वाट न मिळाल्याने ते कडेकडेने वळू लागते. रोप फार दिवस त्याच पिशवीत राहिल्यास मुळांची वेटोळी तयार होतात व ती जाड होतात. असे रोप तसेच जमिनीत लावल्यास मुळे त्याच वेटोळ्यात फिरत राहतात, भोवतालच्या मातीत शिरत नाहीत. पावसाळ्यात वरची माती ओली असल्याने रोप हिरवेगार दिसते व लागवड यशस्वी झाली असा समज होतो. मार्च-एप्रिलमध्ये वरचा थर सुकला म्हणजे खोल ओलाव्यापर्यंत एकही मूळ गेलेले नसल्याने रोप वाळते. जगलेच तर काही वर्षांनी जाड झालेली मुळे बुंध्यालाच आवळतात आणि झाड वाऱ्याने कलंडते. सारांश, कुंडी हे झाडाचे तात्पुरते घर आहे. ते वेळेवर सोडणे किंवा त्यातील मुळे वेळोवेळी छाटणे ह्यावरच लागवडीचे यश अवलंबून असते.

रोपे तयार करणे

ताम्हणाची गोल, कठीण बोंडे हिवाळ्यात पिकून तडकतात. ती तडकण्याच्या सुमारास काढून सावलीत वाळवावीत. बी हलके व पंखयुक्त असून त्याची उगवण कमी होते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये गादीवाफ्यावर ते दाट पेरावे, वर बारीक मातीचा पातळ थर द्यावा व झारीने पाणी घालावे. रोपांस चार-पाच पाने आली की ती पिशव्यांत लावावीत. पिशवीच्या तळाशी व बाजूस भोके असावीत. पिशव्या दर दोन महिन्यांनी उचलून जागा बदलावी, म्हणजे मुळे खालच्या जमिनीत शिरत नाहीत. एका वर्षाचे रोप लागवडीस योग्य होते. काही कारणाने ते दुसऱ्या वर्षी ठेवावे लागले तर मोठ्या पिशवीत हलवावे.

बागेतील लागवड

ताम्हण हे मूळचे ओढ्याकाठचे झाड असल्यामुळे त्यास ओलावा मानवतो. कोकणात ते सहज वाढते. देशावर व मराठवाडा-विदर्भात पाण्याची सोय असेल तेथेच लावावे. जागा भरपूर उन्हाची असावी. विजेच्या तारांखाली लावू नये व दोन झाडांत ६ ते ८ मीटर अंतर ठेवावे.

एप्रिल-मे महिन्यात ६० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. मुरमाड जमिनीत खड्डा याहून मोठा घ्यावा. वरच्या थराची माती व दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा. एक-दोन दमदार पाऊस झाल्यावर रोप लावावे.

लावण्यापूर्वी पिशवी पूर्ण फाडून दूर करावी. हुंडीच्या कडेस बारीक मुळे वळलेली दिसल्यास धारदार चाकूने हुंडीवर तीन-चार ठिकाणी उभे छेद द्यावेत व तळाची वळलेली मुळे कापून टाकावीत. मुळे कापल्याने रोप मरेल ही भीती पावसाळ्यात बाळगण्याचे कारण नाही. कापलेल्या जागेजवळून नवी मुळे फुटून ती सरळ बाहेर जातात. मात्र जाड मुळाचा फास बुंध्याभोवतीच बसला असेल तर ते रोप लावूच नये. बुंधा पिशवीत मातीच्या जेवढा वर होता तेवढाच जमिनीतही ठेवावा. माती दाबून आळे करावे, काठीचा आधार द्यावा व काटेरी कुंपण करावे.

पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात, तेथे हे विशेष आवश्यक आहे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून वाळकी बोंडे व वेड्यावाकड्या फांद्या फेब्रुवारीत, नवी पालवी येण्यापूर्वी छाटाव्यात.

कुंडीतील लागवड

जागा नसल्यास ताम्हण कुंडीतही ठेवता येते. मात्र ते लहान राहते व फुले कमी येतात. कुंडीसाठी त्याच वंशातील लॅगरस्ट्रोमिया इंडिका हे ठेंगणे झुडूप अधिक सोयीचे. ४५ सेंटीमीटर व्यासाची कुंडी घेऊन तळाच्या भोकावर खापराचे तुकडे ठेवावेत. दोन भाग माती, एक भाग शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. उन्हाळ्यात रोज पाणी द्यावे, परंतु कुंडीखाली पाणी साचू देऊ नये.

घातलेले पाणी कडेने लगेच वाहून जाऊ लागले, पाने लहान येऊ लागली किंवा पाणी देऊनही दुपारी माना टाकू लागली तर कुंडी मुळांनी भरली असे समजावे. दर दोन वर्षांनी, पाने गळलेली असताना, झाड बाहेर काढून बाहेरील सुमारे एकतृतीयांश मुळे छाटावीत, त्याच प्रमाणात फांद्याही कमी कराव्यात व नवे मिश्रण भरून झाड पुन्हा लावावे.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपे ताब्यात घेताना केवळ उंचीवर जाऊ नये. उंच परंतु जुन्या पिशवीतील रोपापेक्षा गुडघाभर उंचीचे, मोकळ्या मुळांचे रोप अधिक भरवशाचे असते. दर खेपेस दोन-तीन पिशव्या फाडून मुळे स्वतः पाहावीत व लावणाऱ्यांसही दाखवावीत. लावलेल्या रोपांची मोजणी श्रावणात न करता पुढील ज्येष्ठात करावी. एक उन्हाळा ओलांडून जे रोप हिरवे राहिले तेच लागले, असे मानावे.