नागीण : सुप्त विषाणूची पुनर्जागृती

कांजिण्या बऱ्या झाल्या म्हणजे त्यांचा विषाणू नाहीसा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हर्पीस कुलातील हा विषाणू मज्जारज्जूलगतच्या चेता-गुच्छिकांमध्ये वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहतो. रक्तातील लसीका कोशिका त्याला आवर घालतात. हा आवर सैल पडला की तो चेतातंतूंवाटे त्वचेपर्यंत येतो. यालाच नागीण म्हणतात.

२०२० साली जगभर पसरलेल्या कोविड-१९ च्या साथीत अनेक गंभीर रुग्णांच्या लसीका कोशिका घटल्याचे आढळले. त्यांना दिलेल्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइड औषधांनीही प्रतिकारशक्ती दबते. अशा काही रुग्णांत नागीण उद्भवली. याच कुलातील इतर विषाणूही जागृत झाले. मात्र कोरोनामुळे नागिणीचा धोका किती वाढतो, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

नागिणीचे तोंड व शेपूट जुळताच माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. धोका आहे तो विलंबाचा. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिरसारखे औषध सुरू झाल्यास अधिक गुण येतो. डोळ्याजवळची नागीण दृष्टी हिरावू शकते. म्हणून मंत्र व लेप यांत वेळ न दवडता रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविण्याची दक्षता शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घ्यावी.