खुणांतून सहकार्य : नेत्याविना काम करणारे यंत्रमानव

माळरानावरून नित्य जा-ये करणाऱ्या माणसांमुळे पायवाट तयार होते. ती कोणी आखलेली नसते. पहिल्याच्या पावलांनी गवत थोडे दबते, तेथून चालणे दुसऱ्याला सोपे जाते आणि त्याच्या पावलांनी वाट अधिक ठळक होते. परस्परांना कधीही न भेटलेली माणसे अशा रीतीने एकमेकांना साहाय्य करतात. नेमक्या याच तत्त्वावर यंत्रमानवांचे समूह चालविण्याचे प्रयोग गेल्या काही दशकांत करण्यात आले आहेत.

वाळवीपासून मिळालेला धडा

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी वाळवीच्या वारूळबांधणीचा अभ्यास करून १९५९ साली या तत्त्वाला ‘स्टिग्मर्जी’ असे नाव दिले. खूण आणि काम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनलेले आहे. वाळवीच्या कामकऱ्यांवर देखरेख करणारा मुकादम नसतो. मातीची एक गोळी ठेवली गेली की तीच पुढच्या कामकऱ्याला तेथे दुसरी गोळी ठेवण्यास प्रवृत्त करते. झालेले काम हीच पुढील कामाची सूचना ठरते.

मुंग्या वाटेवर गंधद्रव्य सोडतात. ब्रुसेल्स येथील संशोधकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वारूळ व अन्न यांच्या दरम्यान एक आखूड व एक लांब असे दोन मार्ग ठेवले होते. आखूड मार्गाने गेलेल्या मुंग्या लवकर परतल्यामुळे त्यावरील गंध आधी वाढला आणि बहुतेक मुंग्या त्याच मार्गाने जाऊ लागल्या. एकाही मुंगीने दोन्ही मार्गांची लांबी मोजलेली नव्हती.

यंत्रमानवांचे प्रयोग

बेकर्स, हॉलंड व डेन्यूबर्ग या संशोधकांनी १९९४ साली एका बंदिस्त जागेत ८१ लहान चकत्या विखुरल्या व त्यांत चाकांवर चालणारे छोटे यंत्रमानव सोडले. त्यांना तीनच नियम देण्यात आले होते. अडथळा आल्यास वळावे. तीन किंवा अधिक चकत्यांचा दाब जाणवल्यास त्या तेथेच सोडून मागे यावे व दिशा बदलावी. एरवी सरळ जावे. यंत्रमानवांमध्ये कोणताही संदेश जात नव्हता. लहान ढिगांतील चकत्या सहज हलत, मोठे ढीग मात्र टिकत व वाढत. अखेरीस सर्व चकत्यांचा एकच ढीग झाला. यंत्रमानवांची संख्या तीनपर्यंत वाढविल्यावर काम लवकर उरकले. त्याहून अधिक झाल्यावर ते एकमेकांच्या आड येऊ लागले व वेळ वाढला. केवळ संख्या वाढविल्याने काम वेगाने होतेच असे नाही, हेही यावरून दिसून आले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वेर्फेल, पीटरसन व नागपाल यांनी २०१४ साली ‘टर्मीस’ हा प्रकल्प सादर केला. त्यातील यंत्रमानव विटा वाहतात, रचतात आणि रचलेल्या विटांवर चढून पुढील थर चढवितात. हव्या असलेल्या बांधकामाच्या आराखड्यावरून संगणक आधी वाहतुकीचे नियम ठरवितो. पुढे प्रत्येक यंत्र समोरील विटांची उंची पाहून वीट ठेवावी की पुढे जावे हे ठरविते. त्यामुळे एखादे यंत्र बंद पडून बाजूला काढले तरी उरलेली यंत्रे काम पुरे करू शकतात. मुख्य यंत्र बिघडले म्हणून सर्व काम ठप्प होण्याचा धोका येथे राहत नाही.

जुन्या खुणेचा धोका

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वरील मुंग्यांनाच आधी केवळ लांब मार्ग देऊन आखूड मार्ग नंतर खुला केला असता बहुतेक मुंग्या लांब मार्गालाच चिकटून राहिल्या. तेथे साचलेला गंध लवकर उडून जात नव्हता. म्हणून मुंग्यांवरून सुचलेली गणितपद्धती मार्को डोरिगो यांनी १९९२ साली आपल्या प्रबंधात मांडली, तीत गंध ठरावीक प्रमाणात विरत जाण्याची योजना आहे. खूण उमटणे जितके आवश्यक, तितकेच कालबाह्य खूण पुसली जाणेही आवश्यक असते. तसेच, नियम सदोष असतील तर सर्व यंत्रे मिळून तीच चूक पुनःपुन्हा करतील. म्हणजे नेता नसला तरी नियम करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही; उलट ती वाढते.

शाळेतील प्रयोग

शिक्षकांना हे तत्त्व विनाखर्च दाखविता येईल. अंगणात शंभरेक चिंचोके विखरावेत. विद्यार्थ्यांनी न बोलता, खुणा न करता फिरावे. हात रिकामा असताना एकटा चिंचोका दिसल्यास उचलावा. हातात चिंचोका असताना दुसरा दिसल्यास त्याच्याशेजारी ठेवावा. थोड्याच वेळात विखुरलेल्या चिंचोक्यांचे ढीग झालेले दिसतील. मग ढीग कोठे करायचा हे कोणी ठरविले, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. त्याचे उत्तर शोधताना या विषयाचे मर्म त्यांच्या आपोआप ध्यानी येईल.