सातबारा विट्याचा, कोर्ट बंगळुरूचं

प्रश्न : माझे धाकटे दीर बंगळुरूला चिकपेटेत गलाईच्या दुकानात काम करतात. चोरीचं सोनं वितळवल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना धरलं. मॅजिस्ट्रेटनी जामीन मंजूर केला, त्याला आठवडा होऊन गेला. तरी ते परप्पन अग्रहारच्या तुरुंगातच आहेत. वकील म्हणतात, इथलाच जामीनदार आणा. गावी आमची जमीन आहे. तिचा सातबारा का चालत नाही? आणि जामीन झाला म्हणजे नेमकं काय झालं?
— एक वाचक, खानापूर तालुका, जि. सांगली

उत्तर : सातबारा चालायला हवा, ताई. जामीनदार त्याच जिल्ह्याचा किंवा त्याच राज्याचा असावा, असं कायद्यात कुठेही नाही. पण आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण घोळ तिथेच होतो.

‘जामीन मंजूर’ म्हणजे कोर्टाने घातलेल्या अटी पुऱ्या केल्या की माणूस सुटेल, एवढंच. आरोपी स्वतः जातमुचलका लिहून देतो. जामीनदार आपली ऐपत दाखवून हमी घेतो, की हा तारखेला हजर राहील. कागद तपासून कोर्ट जामीनदार स्वीकारतं, मग सुटकेचा हुकूम तुरुंगाकडे जातो. तिथे आणखी एक गोष्ट पाहतात : दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात हा माणूस हवा आहे का? गलाईवाल्यांचं घोडं पुष्कळदा इथेच अडतं. साखळीचोर एक असतो, चोऱ्या दहा ठिकाणच्या. प्रत्येक पोलीस ठाण्यात वेगळा गुन्हा, आणि ‘माल कुणाला दिला?’ या प्रश्नाला चोराचं उत्तर सगळीकडे तेच. मग जामीनही प्रत्येक गुन्ह्यात वेगळा घ्यावा लागतो. तेव्हा दिरांवर एकच गुन्हा आहे ना, हे वकिलांना आधी स्पष्ट विचारा. एकाहून जास्त असतील तर ऑगस्ट २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल हाताशी ठेवा. एका आरोपीवर अनेक गुन्हे होते आणि तेवढे जामीनदार मिळेनात, तेव्हा तेच जामीनदार सगळ्या खटल्यांत चालतील, असं न्यायालयाने ठरवलं.

आता सातबारा. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याची हीच गत झाली होती. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. ‘मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश सरकार’ या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या पद्धतीचे वाभाडे काढले, आणि गवंडी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटला. तिथे निदान राज्य तरी एकच होतं! पुढे ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, आणि अशा वेळी कोर्टांनी ही अट घालू नये. त्याच आदेशात असंही आहे, की जामीन मिळून महिनाभरात हमी देता आली नाही, तर कोर्ट आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं.

म्हणून जामिनाच्या हुकुमाची प्रत मागवा आणि ‘स्थानिक’ हा शब्द त्यात खरोखर आहे का, ते बघा. नसेल, तर अडवणूक रिवाजाची आहे. वकिलांनी हुकूम न्यायाधीशांपुढेच ठेवावा. असेल, तर अट बदलून मागायची. रक्कमच झेपत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४ खाली सत्र न्यायालय ती कमी करू शकतं. कलम ४९० खाली जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरायची परवानगीही मागता येते. परगावच्या माणसाला मला हाच मार्ग बरा वाटतो. पावती मात्र जपून ठेवा, खटला संपल्यावर पैसे परत मिळतात.

सातबाराच द्यायचा असेल, तर तुमच्या तहसीलदारांकडून ऐपतीचा दाखला घ्या आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. नृपतुंग रोडच्या कोर्टातल्या कारकुनाला ‘पोटखराबा’ कळावा, ही अपेक्षा जास्त झाली. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला स्वतः हजर राहावं लागेल. कोर्टाबाहेर भाड्याने मिळणाऱ्या जामीनदाराच्या नादी मात्र लागू नका. आपण आजवर किती जणांना जामीन राहिलो, हे त्याला कलम ४८६ प्रमाणे लिहून द्यावं लागतं. कागद खोटे निघाले तर दीर नव्या गुन्ह्यात अडकायचे.

मूळ गुन्ह्याचं म्हणाल, तर चोरीचा माल घेणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. साध्या प्रकाराला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण अजामीनपात्र. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नव्हे. तो हक्काने मागता येत नाही, कोर्टाच्या मर्जीवर असतो. माल चोरीचा आहे हे माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. एकदा मुशीत गेलेल्या दागिन्याला ओळख उरत नाही. त्यामुळे पोलिसांचा संशय तिथे चटकन जातो आणि गलाईवाल्याकडे बचावाला फक्त वही उरते : कोणी, कधी, किती वजन आणलं, ओळखपत्र कोणतं. विट्या-आटपाडीकडची पोरं देशभरच्या सराफ पेठांत हा धंदा करतात आणि व्यवहार तोंडी ठेवतात. चिकपेट असो की शेजारची नगर्तपेट, वही नसलेल्या दुकानदाराचा जामीन अर्ज लंगडाच पडतो.

प्रश्न : दुसऱ्या राज्याचे पोलीस येऊन कारागिराला बंगळुरूच्या दुकानातून घेऊन गेले, तर घरच्यांनी काय करावं?

उत्तर : कुठल्या पोलीस ठाण्याचा, कितव्या नंबरचा गुन्हा, हे आधी विचारा. अटकेची खबर घरच्यांना देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. लांब न्यायचं असेल तर बंगळुरूच्याच मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड घेतात. तिथे आपला वकील हवा. पैसे नसतील तर १५१०० या क्रमांकावर मोफत विधी सेवा मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अटकेची कारणं आरोपीला कळेल त्या भाषेत आणि लेखी द्यायला हवीत. तेव्हा न समजणाऱ्या कागदावर मुकाट सही करू नये. अटक व्हायचीच असेल, तर गुन्हा परराज्यातला असला तरी बंगळुरूच्या सत्र न्यायालयातून थोड्या मुदतीचा ट्रान्झिट अटकपूर्व जामीन मिळू शकतो. २०२३ च्या निकालाने ते पक्कं केलं. नेहमीचा जामीन मात्र गुन्हा जिथला, तिथेच.

प्रश्न : आणीबाणीत मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात होते. एवढ्या मोठ्या माणसाला जामीन कसा मिळाला नाही?

उत्तर : मागायची सोयच नव्हती. संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते तिथे गेले होते आणि २६ जून १९७५ ला वाजपेयी, अडवाणींबरोबर पकडले गेले. तुरुंग तेव्हा शहरातच होता, चिकपेटेपासून फार लांब नव्हे. आज तिथे फ्रीडम पार्क आहे. जामीन गुन्ह्याच्या आरोपीला मिळतो. ‘मिसा’ या तेव्हाच्या कायद्याखाली आरोपच नसायचा, नुसती स्थानबद्धता. उरतो हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा, अर्ज. तो मार्गही सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी बंद केला. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ साली त्यांचे चिरंजीव धनंजय यांनी निकालपत्रात तो निर्णय चुकीचा ठरवला. आजही महाराष्ट्रात एमपीडीएखाली स्थानबद्ध केलेल्याला जामीन मागता येत नाही. त्याने सल्लागार मंडळापुढे म्हणणं मांडायचं, नाहीतर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस.